वाचा-उपचाराचे बिल कोणाच्या नावे?

विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक आणि थेरपी केंद्रे चालवणारे तज्ज्ञ यांच्यात फीवरून जी खडाजंगी चालू आहे, तिच्यात दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडत असल्या तरी एका गोष्टीवर दोघींचे मुकाट एकमत आहे, आणि मला आक्षेप घ्यायचा आहे तो त्या एकमतावर. पालक म्हणतात, पाऊण तासाच्या सत्राला आठशे-हजार रुपये घेणे ही लुबाडणूक आहे, सरकारने दर बांधून द्यावेत. तज्ज्ञ म्हणतात, चार-पाच वर्षे शिकून, शहरात भाड्याची जागा घेऊन, दिवसाला मोजकीच मुले नीट पाहता येत असताना याहून कमी दर परवडत नाही. दर जास्त आहे की रास्त आहे, एवढ्यापुरताच सारा झगडा. मुलाला बोलायला, पेन्सिल धरायला, वर्गात बसायला शिकवणे ही आईबापांनी बाजारात जाऊन विकत घ्यायची सेवा आहे, हे मात्र दोघांनीही विनातक्रार मान्य करून टाकले आहे.

ज्या मुलाला वाचा-उपचाराशिवाय (स्पीच थेरपीशिवाय) वर्गात शिकता येत नाही, त्याच्यासाठी वाचा-उपचार हा शिक्षणाचाच भाग आहे. फळा, खडू आणि शिक्षकाचा पगार ज्या तिजोरीतून येतो त्याच तिजोरीतून त्याचा खर्च आला पाहिजे, आणि ती सेवा दिव्यांगत्वाच्या टक्केवारीच्या दाखल्यावर अडवून न ठेवता गरज पाहून, मुलाच्या तालुक्यातच मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. यात क्रांतिकारक काही नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आणि 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा शेजारीशेजारी ठेवून वाचले तर त्यांतून दुसरा अर्थ काढणेच कठीण आहे. 2016 च्या कायद्याचे सोळावे कलम सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी आणि आवश्यक ते साहाय्य द्यावे असे सांगते. सतरावे कलम अशी मुले शोधण्यासाठी दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करायला लावते. एकतिसावे कलम लक्षणीय, म्हणजे 40 टक्के किंवा अधिक, दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क देते. मग कायद्याने मोफत ठरवलेल्या शिक्षणाचा सर्वांत महाग भाग पालकांच्या खिशातून का जातो?

आकडे मांडले की विसंगती उघडी पडते. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद असते, मुलींना दहा महिने दरमहा 200 रुपये भत्ता असतो. उपकरणे, प्रवास, मदतनीस, तपासणी शिबिरे हे सगळे या 3500 रुपयांत बसवायचे. आठशे रुपयांच्या दराने पाहिले तर वर्षाची ही तरतूद पाचव्या सत्रालाच अपुरी पडते. आठवड्याला तीन सत्रे घेणाऱ्या कुटुंबाचा खर्च महिन्याला दहा हजारांच्या घरात जातो, आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला वाचा-उपचाराबरोबर ऑक्युपेशनल थेरपी (पेन्सिल धरण्यासारखी रोजची कामे शिकवणारा उपचार) आणि विशेष शिक्षकही लागत असेल तर हा आकडा सहज दुप्पट होतो. विम्याचा आधार नाही, कारण बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरता असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले खरे, परंतु त्याच कायद्याने बौद्धिक अक्षमता मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवली. वैद्यकीय दृष्टीने ते योग्यच आहे. पालकांच्या दृष्टीने मात्र आणखी एक दार बंद झाले.

सरकार जी सवलत हात सैल सोडून देते, ती कोणाला मिळते हेही पाहण्यासारखे आहे. आयकरात 80 डीडी या कलमाखाली अशा पालकांना 75 हजारांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळत आली, तीही जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाचे 75 हजारांवर साडेबावीस हजार वाचतात, वीस टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाचे पंधरा हजार, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही अशा शेतमजुराचे काहीच वाचत नाही. ज्याला गरज सर्वांत जास्त त्याला मदत शून्य, अशी ही उतरंड आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हीच तक्रार केली होती: सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. एकशे चाळीसहून अधिक वर्षांनंतर विशेष मुलांच्या बाबतीत प्रवाहाची दिशा फारशी बदललेली नाही.

आता दाखल्याकडे येतो. जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व तपासून दाखला देणारे वैद्यकीय बोर्ड बसण्याचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी लांबच्या तालुक्यातून आलेली आई पहाटेच्या एसटीने निघालेली असते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधारच्या झेरॉक्सा, रेशनकार्ड, फोटो आणि आधीच्या दोन खेपांचे केसपेपर, आणि कडेला सहा वर्षांचा मुलगा, ज्याला गर्दीचा आवाज सहन होत नाही म्हणून तो दोन्ही कानांवर हात ठेवून बाकाखाली जाऊन बसतो. त्याचा नंबर लागेपर्यंत दुपार उलटलेली असते. उपाशी, कंटाळलेल्या, रडून थकलेल्या मुलाची मानसशास्त्रज्ञ चाचणी घेतो, आईला प्रश्न विचारतो आणि त्यातून एक आकडा निघतो. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत गुण 55 ते 69 आले तर दिव्यांगत्व 50 टक्के, 70 ते 84 आले तर 25 टक्के. सवलतींची रेषा 40 टक्क्यांवर. म्हणजे 69 गुणांचा मुलगा हक्कदार आणि 71 गुणांचा मुलगा सामान्य. वर्गात अक्षर दोघांनाही लागत नाही. अध्ययन अक्षमतेचे (डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनातील अडचणींचे) गणित आणखी विचित्र आहे. त्याच सूचनांनी तिचा दाखला आठ वर्षांच्या आधी देता येणार नाही असे ठरवले. निदानाच्या दृष्टीने त्याला कारण आहे, लहान वयात वाचनातील अडचण आणि निव्वळ उशीर यांत फरक करणे अवघड असते. पण निदान आणि मदत यांना एकाच खुंटीला बांधले की आठव्या वर्षापर्यंत मदतही थांबते, आणि मूल तिसरीत पोहोचेपर्यंत ‘ढ’ ठरलेले असते.

दाखला हवाच असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. सवलत म्हटली की खोटे लाभार्थी येतात. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देशभर जे वादळ उठले, त्यानंतर तर प्रत्येक दिव्यांग प्रमाणपत्राकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि तो संशय अनाठायी होता असे कोणी म्हणू शकणार नाही. नोकरीतील आरक्षण, बदलीतील सूट, पेन्शन यांसाठी कडक तपासणी असलीच पाहिजे. परंतु वाचा-उपचाराच्या सत्राला खोटे मूल आणून बसवण्यात कोणाचा काय फायदा? आठवड्यातून दोनदा एक तास, वर्षभर, ‘क’चा उच्चार घोटवून घेण्यासाठी निरोगी मुलाला कोणता बाप घेऊन येईल? जी मदत रोख रकमेत किंवा नोकरीत बदलता येत नाही, ती स्वतःच आपले लाभार्थी निवडते.

हे तत्त्व महाराष्ट्राला कोणी शिकवायची गरज नाही, कारण ते महाराष्ट्रानेच देशाला शिकवले. 1972 च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेत गरिबीचा दाखला मागितला जात नव्हता. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, एवढे गृहीत धरून ‘मागेल त्याला काम’ दिले गेले. तिची दुसरी बाजू, म्हणजे पैसा कोठून आणला, हीदेखील आजच्या वादात कोणी आठवत नाही. त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातील पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा तो कर दुष्काळी भागातील मजुराच्या कामाच्या हक्कासाठी होता, आणि नंतर 1977 च्या कायद्याने त्या हक्काला वैधानिक आधार मिळाला. आज गंमत अशी आहे की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांना राज्य सरकार याच व्यवसाय करातून सूट देते. सूट स्वागतार्ह आहे, पण तिची किंमत वर्षाला फार तर अडीच हजार रुपये. ज्या कराने एकेकाळी एक संपूर्ण हक्क उभा केला, त्याच करातून या मुलांच्या वाट्याला तीन सत्रांची फी आली.

‘सरकारकडे पैसा नाही’ या उत्तराचा इतिहासही जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 16 मार्च 1911 रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा अशी रीतसर योजनाही त्यांनी पुढे ठेवली होती. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, नवे कर लोकांना नको आहेत, अशा आक्षेपांखाली ते विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. पाचच वर्षांनी, 1917 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश साम्राज्याच्या तिजोरीपेक्षा कोल्हापूरची तिजोरी मोठी होती का? फरक होता तो खर्च कोणत्या यादीत लिहायचा याचा. एखादी गोष्ट राज्याने आपले कर्तव्य मानली की तिच्यासाठी पैसा शोधला जातो, आणि दानधर्म मानली की तिजोरीत काही उरते का ते पाहिले जाते. विशेष शिक्षण आपल्याकडे अजून दुसऱ्या यादीत आहे, याचा पुरावा प्रशासनाच्या रचनेतच आहे. राज्यातील विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. त्या आधी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या आणि 2022 च्या डिसेंबरात घोषित झालेल्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे गेल्या. स्वतंत्र विभाग निघाला याचा आनंद अनेकांना झाला, मलाही झाला. पण ‘कल्याण’ खात्यात गेलेले मूल शिक्षण खात्याच्या हिशेबातून हळूच वगळले जाते, ही बाजू त्या आनंदात कोणी पाहिली नाही.

फीवर मर्यादा घालण्याची पालकांची मागणी मला मान्य नाही, हेही येथे स्पष्ट करतो. काही केंद्रे पालकांच्या भीतीवर धंदा करतात, दर तीन महिन्यांनी नवे असेसमेंट आणि नवे पॅकेज गळ्यात मारतात, अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी नसलेल्यांना तज्ज्ञ म्हणून बसवतात. 1992 च्या कायद्याने नोंदणी बंधनकारक केलेली असताना हे घडते आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण दर बांधल्याने तज्ज्ञ वाढत नाहीत. पुण्यात दर पाचशेवर आणला तर तेथील चांगले तज्ज्ञ ऑनलाइन परदेशी मुले घेतील, आणि पाथर्डीला किंवा अक्कलकुव्याला तेव्हाही कोणी नसेल. याउलट, जेथे पालकांची खरोखर नाडवणूक होते तेथे हा वाद पोहोचतच नाही. मान्यताप्राप्त खासगी शाळा दिव्यांग मुलाला प्रवेश देताना ‘शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस शिक्षक) तुमच्या खर्चाने ठेवा’ अशी अट घालतात आणि पालक निमूटपणे महिन्याला पंधरा-वीस हजार मोजतात. सोळाव्या कलमातील साहाय्य देण्याचे बंधन ज्या संस्थेवर आहे तीच संस्था ते बिल पालकाच्या नावे फाडते, आणि पालक भांडतात कोणाशी, तर महिना-वर्ष मुलासोबत घाम गाळणाऱ्या वाचा-उपचार तज्ज्ञाशी!

सरकारने केंद्रे उभारण्यापेक्षा पैसे सरळ पालकांच्या खात्यात टाकावेत, हा विरोधी मुद्द्यांतील सर्वांत विचार करण्याजोगा मुद्दा आहे. कोणता तज्ज्ञ आपल्या मुलाला मानवतो हे पालकालाच कळते, सरकारी केंद्राचा निष्काळजीपणा रोख रकमेत नसतो, आणि पुणे, ठाणे, नागपूर येथे ही पद्धत उत्तम चालेल. पण रोख रक्कम तेथेच कामाची जेथे विकत घ्यायला काही आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना 1 लाखापर्यंतचे संरक्षण आहे, दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत तिच्यात येतो. कागदावर ही देशातील सर्वांत समजूतदार योजना आहे. परंतु आधी पैसे भरा, बिले जपा, मग मागा, अशी तिची रीत आहे. तालुक्याच्या गावात नोंदणीकृत तज्ज्ञच नसेल तर बिल देणार कोण? आणि ज्याच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्याने परताव्याची वाट कशाच्या जोरावर पाहायची?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये झाली. फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि एकदा शाळा तपासतात, जन्मतःच्या व्यंगापासून विकासातील विलंबापर्यंत तीस प्रकारच्या तक्रारी टिपतात, आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. शोधण्याचे काम या कार्यक्रमाने खरोखर सोपे केले. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेला एकदा जिल्ह्याला जावे लागते, वाचा-उपचाराला वर्षातून शंभर वेळा. सत्तर किलोमीटरवरच्या केंद्रात मोफत सत्र असले तरी दर खेपेला आईची मजुरी आणि दोघांचे एसटीचे भाडे जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती येणे थांबवते. केंद्राच्या नोंदवहीत याचे कारण ‘पालकांची उदासीनता’ असे लिहिले जाते.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दर दहा आणि पुढच्या स्तरावर दर पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. तेवढे प्रशिक्षित लोक आज कोठून आणणार? हा प्रश्न विचारणारे हे सांगत नाहीत की समग्र शिक्षेतील विशेष शिक्षकांना आपण वर्षानुवर्षे कंत्राटावर राबवले, गटसाधन केंद्रातील (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरील केंद्रातील) खुर्चीही नक्की नाही अशा अवस्थेत एकेकाला साऱ्या तालुक्यातील शाळा फिरायला लावल्या. अशा नोकरीसाठी कोणी शिकायला कशाला जाईल? पद नाही म्हणून माणूस नाही आणि माणूस नाही म्हणून पद भरत नाही, हे चक्र पद निर्माण करूनच तुटते. दुसरे असे की प्रत्येक काम तज्ज्ञानेच केले पाहिजे असेही नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल सुरू केली, तेव्हा जंतुसंसर्गावर डॉक्टराशिवाय उपचार ही कल्पनाच अनेकांना धोक्याची वाटली होती. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. वाचा-उपचारात तपासणी आणि आखणी तज्ज्ञाचीच, पण रोजचा सराव अंगणवाडी सेविका, विशेष शिक्षक आणि आई करू शकते, तज्ज्ञाने पंधरा दिवसांनी येऊन तो तपासला म्हणजे झाले.

अमेरिकेत गेलेली मराठी कुटुंबे याबाबत नेहमी हवाला देतात की तेथे शाळाच सगळे पुरवते. 1975 च्या कायद्याने तेथे ते बंधन घातले, हे खरे. मात्र जादा खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट तेथे कधीच गाठले गेले नाही, आणि तो भार राज्ये व शाळा-जिल्हे ओढत आहेत. म्हणजे श्रीमंत देशातही पैसा अपुराच पडतो. तरीही तेथे वाद शाळा-जिल्हा आणि पालक यांच्यात होतो, पालक आणि थेरपिस्ट यांच्यात नव्हे, आणि मला आपल्याकडेही वादाची जागा हलवायची आहे ती तेथेच.

सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. तालुक्यात अशी 300 मुले धरली तर 3500 रुपयांप्रमाणे वर्षाला साडेदहा लाख होतात. ही रक्कम उपकरणे आणि प्रवासातही जाते, त्यामुळे सगळी वळवता येणार नाही. पण ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नातील 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे आहेत, आणि हा निधी पुष्कळ ठिकाणी मार्चअखेरीस थोडा थोडा वाटून संपवला जातो. एका ग्रामपंचायतीचे 5 टक्के म्हणजे काही हजार रुपये, त्यात काही उभे राहत नाही. तालुक्यातील साऱ्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपंचायतीने त्यातील काही वाटा एकत्र केला तर गटसाधन केंद्रात एक वाचा-उपचार तज्ज्ञ आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचा पगार निघू शकतो. अडचण अशी की 3500 रुपये शालेय शिक्षण विभागाचे, 5 टक्के निधी ग्रामविकास आणि नगरविकासाचा, शीघ्र हस्तक्षेप केंद्र आरोग्याचे, अंगणवाडी महिला व बालविकासाची आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याणाच्या. या खात्यांचा एक संयुक्त शासन निर्णय निघाल्याशिवाय हे पैसे एका ठिकाणी येणार नाहीत, आणि तो निर्णय मागायला पालक व तज्ज्ञ या दोघांच्या सह्यांचे एकच निवेदन मंत्रालयात गेलेले मी तरी अजून पाहिलेले नाही.